कोणता गड आधी? : 'श्रीशिवराज अष्टक' पाहण्याच्या क्रमाविषयी

१

भाऊबीज झाली की बहिणीची मुले चार दिवस माहूरला राहतात. मुलगी नववीत, मुलगा सातवीत. गडावर जाणे, मातृतीर्थापर्यंत फेरी, पैनगंगेच्या पुलावरून पलीकडचा विदर्भ पाहून येणे, एवढे झाले की त्यांचा माहूर संपतो आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बैठक बसते. दोन वर्षांपूर्वी मी ठरवले, की या वेळी त्यांना दिग्पाल लांजेकर यांचे शिवकालावरचे चित्रपट ओळीने दाखवायचे. मी स्वतः ते सगळे सुटे सुटे, जसे आले तसे पाहिले होते. ओळीने पाहायचे म्हटल्यावर भाच्याने पहिलाच प्रश्न विचारला, "मामा, रिलीजच्या ऑर्डरने की स्टोरीच्या?"

मी म्हणालो, "काय फरक पडतो? गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे."

"तुला ठाऊक आहे, मामा. मला नाही," तो म्हणाला.

हा लेख त्या उत्तरामुळे लिहावा लागला. चाळीस वर्षे मराठी ऐतिहासिक चित्रपट पाहणाऱ्या माझ्यासारख्याला जो प्रश्न कधी पडला नाही, तो बारा वर्षांच्या मुलाला पहिल्या मिनिटाला का पडावा? आणि पडलाच, तर त्याचे उत्तर काय द्यावे? २०२४ पर्यंत प्रदर्शित झालेल्या सहा चित्रपटांपुरताच हा विचार आहे, हे आधीच सांगतो.

ते सहा चित्रपट असे. 'फर्जंद' (जून २०१८) कोंडाजी फर्जंदाने साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला, त्या १६७३ च्या घटनेवर आहे. 'फत्तेशिकस्त' (नोव्हेंबर २०१९) १६६३ च्या लाल महालातील छाप्यावर. 'पावनखिंड' (फेब्रुवारी २०२२) १६६० च्या, बाजीप्रभूंच्या झुंजीवर. 'शेर शिवराज' (एप्रिल २०२२) १६५९ च्या अफजलखान प्रकरणावर. 'सुभेदार' (ऑगस्ट २०२३) १६७० च्या, तानाजी मालुसऱ्यांच्या कोंढाण्यावर. 'शिवरायांचा छावा' (फेब्रुवारी २०२४) संभाजी महाराजांवर. 'अष्टक' या नावाप्रमाणे संकल्प आठांचा आहे.

हे साल एका ओळीत मांडून पाहिले तेव्हा मी थबकलो : १६७३, १६६३, १६६०, १६५९. पहिले चार चित्रपट पायरी पायरीने मागे उतरत गेले आहेत. पाचवा एकदम १६७० वर चढतो आणि सहावा पुढच्या पिढीत जातो. यातले सगळे ठरवून झाले असेल असे नाही. 'पावनखिंड' आधी 'जंगजौहर' या नावाने जाहीर झाला होता आणि करोनाच्या काळात त्याचे प्रदर्शन पुढे गेले. त्यामुळे तो आणि 'शेर शिवराज' यांत जेमतेम दोन महिने उरले. पण कारण काहीही असो, प्रेक्षकापुढे जी ओळ आली ती ही.

२

भाच्याचा प्रश्न कुठून आला ते उघड आहे. तो मार्व्हलच्या चित्रपटांवर वाढलेला आहे. त्या मालिकेची सुरुवात २००८ च्या 'आयर्न मॅन'ने झाली. पण २०११ चा 'कॅप्टन अमेरिका' दुसऱ्या महायुद्धात घडतो आणि २०१९ चा 'कॅप्टन मार्व्हल' १९९५ मध्ये. म्हणजे प्रदर्शनाचा क्रम एक आणि कथेतल्या काळाचा क्रम दुसरा. त्याआधी 'स्टार वॉर्स'ने हा गोंधळ घालून ठेवलाच होता. १९७७ साली आलेला पहिला चित्रपट कथेतला चौथा भाग ठरला आणि पहिले तीन भाग १९९९ पासून पुढे आले. तेव्हापासून नव्या माणसाला कोणत्या क्रमाने दाखवायचे यावर तिकडे हिरिरीने वाद चालतात. प्रदर्शनक्रमवाले म्हणतात, रहस्य जसे उलगडले तसे उलगडू द्या. कालक्रमवाले म्हणतात, गोष्ट सरळ कळू द्या.

आपल्याकडे हा वाद झाला नाही याचे कारण आपले चित्रपट कमी होते, हे नव्हे. भालजी पेंढारकरांनी 'नेताजी पालकर' १९३९ साली केला, 'बहिर्जी नाईक' १९४३ साली, 'छत्रपती शिवाजी' १९५२ साली, 'पावनखिंड' १९५६ साली, 'मराठा तितुका मेळवावा' १९६४ साली आणि 'गनिमी कावा' १९८१ साली. चार दशके एकच दिग्दर्शक एकाच काळाभोवती फिरत होता. आजच्या भाषेत बोलायचे तर ही मालिकाच. पण त्यांतला कोणता आधी पाहावा असे कुणी विचारले नाही. जत्रेतल्या तंबूत जी पेटी आली ती लागायची आणि आम्ही ती पाहायचो. त्याआधी शाहिरांनीही हेच केले होते. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा आणि तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा यांत कोणता आधी म्हणावा हा प्रश्न श्रोत्याला नव्हता. एका रात्री एक प्रसंग. प्रसंगांना ओवणारा दोरा श्रोत्याच्या डोक्यात असे.

माझ्या पिढीच्या डोक्यात तो दोरा चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकाने ओवला. शिवनेरी, तोरणा, जावळी, प्रतापगड, पन्हाळा, लाल महाल, सुरत, पुरंदर, आग्रा, सिंहगड, रायगड ही माळ आम्हांला पाठ होती. मग चित्रपट कुठलाही लागो, तो माळेतल्या आपल्या मण्यावर जाऊन बसायचा. मार्व्हलची माळ चित्रपटांच्या बाहेर कुठेच नाही, ती चित्रपटांनीच घडवलेली आहे. म्हणून तिथे क्रमाला एवढे महत्त्व. आपल्याकडची माळ बाहेर होती, म्हणून क्रमाला महत्त्व नव्हते.

'होती' असे मी लिहिले, ते विचारपूर्वक. माझा भाचा केंद्रीय मंडळाच्या इंग्रजी शाळेत शिकतो. त्याच्या पुस्तकात ही माळ नाही. प्रतापगड हे नाव त्याने ऐकले आहे, आग्राही ऐकले आहे, पण त्यांत आधी काय आणि नंतर काय हे त्याला सांगता आले नाही. शिवकाल त्याच्यापर्यंत चित्रपटांतूनच पोहोचणार असेल, तर चित्रपटांचा क्रम हाच त्याच्यापुरता इतिहासाचा क्रम होईल. म्हणून हा प्रश्न केवळ करमणुकीचा म्हणून सोडून देता येत नाही.

३

माहूरच्या माणसाला खरे तर हा प्रश्न नवा वाटू नये. आमच्याकडे तीन शिखरे आहेत : रेणुका, दत्त आणि अनुसया. गावातून निघालेला यात्रेकरू आधी रेणुकेच्या गडावर जातो, मग दत्तशिखर, मग अनुसया. वाट तशी आहे. पण पुराणकथेचा हिशेब मांडला तर क्रम उलटा लागतो. अनुसया ही दत्ताची आई, म्हणजे तिची कथा सर्वांत आधीची. दत्त त्यानंतर. आणि रेणुकेचे माहुरास येणे सर्वांत शेवटी. जमदग्नींचा वध झाल्यावर परशुराम कोऱ्या भूमीच्या शोधात इथे आला आणि इथे दत्तात्रेयांनी अंत्यविधी सांगितले, अशी आमची कथा आहे. म्हणजे यात्रेकरू कथेच्या शेवटापासून सुरुवात करतो आणि मागे मागे चढत जातो.

मी आईला विचारले, "आधी अनुसयेला जायला पाहिजे ना, कथेप्रमाणे?"

ती म्हणाली, "आधी रेणुका. मंग दत्त. मंग अनुसया. आपण कशाला आलो ते आधी करावं, कोण कुणाचं ते मंग इचारावं."

समीक्षेच्या पुस्तकांत हाच भेद वेगळ्या शब्दांत येतो : घडलेल्या गोष्टीचा क्रम आणि सांगितलेल्या गोष्टीचा क्रम. महाभारतही आरंभापासून सुरू होत नाही. ते नैमिषारण्यात, सगळे होऊन गेल्यावर सुरू होते. कवींद्र परमानंदांचे 'शिवभारत' काशीच्या पंडितांनी विचारणा केल्यावर सुरू होते आणि मग मालोजींपर्यंत मागे जाते. तेव्हा उलटा क्रम म्हणजे चुकीचा क्रम असे आपल्या परंपरेला कधीच वाटलेले नाही. मात्र आईच्या बोलण्यात एक अट दडलेली आहे, ती विसरता येत नाही. 'कोण कुणाचं ते मंग इचारावं.' म्हणजे विचारायचे तर आहेच. आणि सांगणारे कुणीतरी गडावर हवे.

४

त्या सुट्टीत मी मुलांचे दोन क्रम केले. भाचीने सहाही चित्रपट प्रदर्शनक्रमाने पाहिले, भाच्याने कालक्रमाने. याला प्रयोग म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. दोन मुले आणि एक मामा एवढ्यावर सिद्धांत उभा राहत नाही. पण दोघांनी विचारलेले प्रश्न मी वहीत टिपून ठेवले आणि ते बोलके आहेत.

भाचीने 'फर्जंद'पासून सुरुवात केली. तिच्या लेखी पन्हाळा म्हणजे एक अवघड किल्ला आणि कोंडाजी म्हणजे तो घेणारा धाडसी माणूस. चित्रपट तिला आवडला, पण महाराजांना हाच किल्ला इतका का हवा आहे, हे तिला कळले नव्हते. ते कळले थेट तिसऱ्या चित्रपटात. 'पावनखिंड' संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मामा, तेरा वर्षं थांबले ते?" तिच्यासाठी विजय आधी आला आणि त्याची किंमत नंतर कळली. पन्हाळा सोडून जाताना तो परत मिळणार आहे हे तिला ठाऊक होते, म्हणून त्या रात्रीची भीती तिला कमी वाटली. पण 'फर्जंद' तिच्या मनात मागाहून मोठा झाला. उलट्या क्रमाची खरी कमाई ही आहे : आधी पाहिलेले चित्र नंतरच्या चित्रामुळे बदलते.

प्रदर्शनक्रमाचा आणखी एक फायदा समीक्षकाने नोंदवला पाहिजे. निर्माते कसे वाढले ते त्यात दिसते. पहिल्या चित्रपटाने एक लहान, फारसा गाजलेला नसलेला प्रसंग निवडला. अफजलखान, पावनखिंड, सिंहगड हे मराठी मनातले तीन मोठे प्रसंग हात बसल्यावर घेतले. साठ माणसांच्या मोहिमेपासून सुरुवात करण्यात शहाणपण होते. मालिका म्हणून पाहताना ही वाढ जाणवते. कालक्रमाने पाहिले तर सर्वांत आधी केलेले काम पाचव्या जागी येते आणि मोठ्या पटानंतर एकदम आटोपशीर पट समोर येतो. भाच्याला ते खटकले. "आधीच्या पिक्चरमध्ये जास्त सैन्य होतं," एवढेच तो म्हणाला, पण ते बरोबर होते.

५

कालक्रमाची बाजू भक्कम आहे हे कबूल करावे लागेल. भाच्याने 'शेर शिवराज', 'पावनखिंड', 'फत्तेशिकस्त', 'सुभेदार', 'फर्जंद' आणि मग 'शिवरायांचा छावा' असा प्रवास केला. त्याला 'आधी काय झाले होते' हे फारसे विचारावे लागले नाही. त्याचे प्रश्न वेगळे होते, आणि ते मला सुचले नसते.

पहिला प्रश्न चेहऱ्यांचा. 'पावनखिंड'मध्ये बाजीप्रभूंची भूमिका अजय पूरकर यांनी केली आहे आणि 'सुभेदार'मध्ये तानाजींचीही त्यांनीच. 'पावनखिंड'मध्ये अंकित मोहन रायाजी बांदल आहेत, 'फर्जंद'मध्ये ते कोंडाजी आहेत. समीर धर्माधिकारी 'पावनखिंड'मध्ये सिद्दी जौहर आहेत आणि 'फर्जंद'मध्ये बेशकखान. कालक्रमाने पाहणाऱ्या मुलाला १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा चेहरा १६७३ साली त्याच पन्हाळ्याचे रक्षण करताना दिसतो. "हा तोच का, मामा? ह्याला किल्ला कुणी दिला?" असे त्याने विचारले. मार्व्हलमध्ये एक चेहरा म्हणजे एक माणूस, हा नियम त्याच्या अंगवळणी पडलेला. आपल्याकडे नाटक मंडळीत, दशावतारात, तमाशाच्या वगात एकच नट एका रात्रीत तीन माणसे होतो आणि कुणी तक्रार करत नाही. या सहांपैकी पहिल्या पाच चित्रपटांत महाराज चिन्मय मांडलेकर आणि जिजाऊ मृणाल कुलकर्णी आहेत. हे दोन चेहरे स्थिर आणि बाकीचे फिरते, ही रचना मंडळीची आहे. ती समजली की गोंधळ उरत नाही, पण ती आधी सांगावी लागते.

दुसरा प्रश्न रिकाम्या जागेचा. १६६३ नंतर एकदम १६७०. मधली सुरत नाही, आग्रा नाही, आणि मुख्य म्हणजे १६६५ च्या पुरंदरच्या तहाला स्वतंत्र चित्रपट नाही. त्या तहात तेवीस किल्ले गेले, त्यांत कोंढाणा होता. 'सुभेदार'चा सगळा भार त्या तहावर आहे. प्रदर्शनक्रमाने पाहताना उड्या सगळीकडेच असतात, म्हणून ही उडी डोळ्यांत भरत नाही. कालक्रमाने पाहताना मात्र वाट सरळ आहे असे वाटत असतानाच पाय खड्ड्यात जातो.

तिसरी गोष्ट कुणी विचारली नाही, पण मला वही पाहताना लक्षात आली. हा कालक्रम दिसतो तितका सरळ नाहीच. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा पडला मार्च १६६० मध्ये, महाराज निसटले जुलैमध्ये. शायिस्ताखान पुण्यात आला मे १६६० मध्ये. म्हणजे 'पावनखिंड'चा वेढा चालू असतानाच 'फत्तेशिकस्त'चा शत्रू पुण्यात येऊन बसला होता आणि चाकणचा कोट फिरंगोजी नरसाळा लढवत होता. महाराजांवर त्या पावसाळ्यात दोन्हीकडून दाब होता. एकापुढे एक चित्रपट पाहिल्यावर असे वाटते, की एक संकट संपले आणि मग दुसरे आले. कालक्रमानेही इतिहासाची ही कोंडी हातात येत नाही.

६

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे म्हणजे हा लेख लिहिला तिच्याकडे येतो.

'फत्तेशिकस्त'मध्ये रायबागन हे पात्र आहे. ती आमची. माहूरची देशमुखीण, राजे उदारामांच्या घराण्यातली. लोक तिला सावित्रीबाई म्हणून ओळखतात. रायबागन हा औरंगजेबाने दिलेला किताब, म्हणजे राजवाघीण. शायिस्ताखानाच्या फौजेत जे सरदार होते त्यांत ती होती. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज अडकली तेव्हा ती त्याच्याबरोबर होती. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, दोन्ही बाजूंना रान आणि रानात मराठे. त्या वेळी या वाटेला आलो हीच चूक झाली, आता शरण जाऊन माणसे वाचवावीत, असा रोखठोक सल्ला तिने खानाला दिला, असे 'शिवभारता'त आले आहे. खानाने ऐकले. सामानसुमान टाकून फौजेला जीव वाचवून जाता आले. शिवाजी महाराजांच्या कवीने शत्रूपक्षातल्या एका स्त्रीला त्या प्रसंगातले शहाणपण दिले आहे. पुढे तो ग्रंथ अपुराच राहिला, पण आमची देशमुखीण त्यात येऊन गेली.

भाचीने तिला दुसऱ्या चित्रपटात पाहिले, भाच्याने तिसऱ्या. दोघांच्याही लेखी ती 'खानाच्या बाजूची'. "मामा, ही बाई व्हिलन आहे ना?" भाच्याने विचारले. मी म्हणालो, "ती आपल्या गावची आहे." तो हसला. त्याला वाटले, मामा गंमत करतोय. मग म्हणाला, "आपल्या गावची असून तिकडे कशी?"

या प्रश्नाचे उत्तर सहांपैकी कोणत्याही चित्रपटाकडे नाही, आणि कोणताही क्रम लावला तरी ते मिळत नाही. कारण मालिका १६५९ मध्ये सह्याद्रीत सुरू होते. रायबागनेची गोष्ट त्याआधी आणि तिथून शेकडो मैल पूर्वेला, मोगलांच्या मुलखात घडून गेलेली आहे. नवरा लढाईत गेलेला, वतन सांभाळायचे, मुलूख बादशहाचा. त्या काळी माहूरच्या घराण्यापुढे निवड अशी फारशी नव्हतीच. चौथीच्या आमच्या माळेतही माहूर नव्हते. आम्ही मराठवाड्यातली मुले ती माळ पाठ करायचो आणि तिच्यात आपले गाव शोधायचो नाही, कारण ते तिथे नसणार हे धरूनच चाललेले असायचे. आज चित्रपटात माहूरचे माणूस एकदाचे आले, तर ते समोरच्या बाजूला उभे.

दिग्दर्शकाने काही चुकीचे केले असे मला म्हणायचे नाही. रायबागनेला पात्रांच्या यादीत जागा दिली हेच विशेष. माझा मुद्दा क्रमाविषयी आहे. आपण क्रम निवडतो तेव्हा कुणाची गोष्ट सुरुवातीपासून सांगायची आणि कुणाला मध्येच आणून उभे करायचे हेही निवडतो. ज्याची गोष्ट मध्येच सुरू होते त्याच्याविषयी 'तिकडे कशी' एवढाच प्रश्न उरतो. महाराजांची गोष्ट कोणत्याही क्रमाने पाहिली तरी तुटत नाही. रायबागनेची कोणत्याही क्रमाने जुळत नाही.

७

तरीही भाच्याला उत्तर द्यायचे होते. गेल्या दिवाळीत त्यांच्या धाकट्या मावसभावासाठी मी तिसरा क्रम लावला. त्याला स्थलक्रम म्हणतो.

या सहा चित्रपटांत दोन जागा पुन्हा पुन्हा येतात. एक पन्हाळा. अफजलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ ला पन्हाळा महाराजांच्या हाती आला. १६६० मध्ये तो सुटला. १६६६ च्या आरंभी घेण्याचा प्रयत्न फसला. १६७३ मध्ये कोंडाजीने घेतला. म्हणून 'शेर शिवराज', 'पावनखिंड', 'फर्जंद' हा एक सलग पट आहे : मिळवणे, गमावणे, परत मिळवणे. दुसरी जागा पुणे आणि त्याच्या माथ्यावरचा कोंढाणा. लाल महालातून महाराज परतले ते सिंहगडाकडे, आणि पुढे तहात गेलेला तोच गड तानाजींनी घेतला. म्हणून 'फत्तेशिकस्त' आणि 'सुभेदार' हा दुसरा पट. शेवटी 'शिवरायांचा छावा'. कोंडाजीचा अंत संभाजी महाराजांच्या काळात, जंजिऱ्याच्या मोहिमेत झाला, एवढे सांगितले की सहावा चित्रपटही पहिल्या पटाला बांधला जातो.

या क्रमाचे गुण मला असे दिसले. पन्हाळ्याची तेरा वर्षे मुलाला एका दमात कळतात. 'फर्जंद' तिसऱ्या जागी आल्याने त्याचा आटोपशीरपणा खटकत नाही, उलट पहिल्या पटाचा तो शेवट होतो. दुसऱ्या पटासाठी मागे १६६० पर्यंत यावे लागते आणि तिथेच सांगता येते, की पन्हाळा वेढलेला होता तेव्हाच खान पुण्यात शिरला होता. जी कोंडी कालक्रमात हरवली ती इथे सापडते. पुरंदरच्या तहाची रिकामी जागा मात्र राहतेच. ती मी 'फत्तेशिकस्त' आणि 'सुभेदार' यांच्या मध्ये, चहाच्या वेळी, तोंडी भरली. तेवीस किल्ल्यांतले आठवतील तेवढे मुलांकडून म्हणवून घेतले.

दोषही आहेत. १६७३ वरून १६६३ वर मागे येताना लहान मुलाचा गोंधळ होतो, ते आधी बजावून ठेवावे लागते. निर्मात्यांची वाढ या क्रमात दिसत नाही. ज्याला चित्रपटकलेचा अभ्यास करायचा आहे त्याने प्रदर्शनक्रमच धरावा. ज्याला माळ आधीच पाठ आहे त्याने मनाला येईल तो लावावा, त्याचे काही बिघडत नाही. स्थलक्रम आहे तो माळ नसलेल्यासाठी.

आणि एक गोष्ट मी या वेळी बदलली. 'फत्तेशिकस्त' लावण्याआधी टीव्ही बंद ठेवला आणि रायबागनेची गोष्ट सांगितली. नवरा गेल्यापासून, किताबापासून, उंबरखिंडीपर्यंत. माझ्यापाशी होते तेवढे सांगितले. दुपारी रामगडाच्या तटावरून येताना मुलांनी जे दगड पाहिले होते त्यांच्याशी तिचे नाते सांगितले. मग चित्रपट लावला. ती पडद्यावर आली तेव्हा धाकटा ओरडला, "आली! आपली आली!" आणि लगेच गप्प झाला, कारण समोर महाराज होते आणि 'आपले' कोण, हे त्याला पटकन ठरवता येईना.

भाचा त्याच्याकडे पाहत होता. मागच्या वर्षी त्याने हाच चित्रपट पाहून एका शब्दात निकाल दिला होता. आता तो म्हणाला, "मामा, मला तू हे आधी का नाही सांगितलंस?"

मी म्हणालो, "तू ऑर्डर विचारली होतीस रे. मला वाटलं, तेवढंच विचारलंस."

आई आत देवापाशी बसली होती. तिथूनच तिने विचारले, "उद्या गडावर जायचं ना? आधी कुठं न्यायचं पोराला?" धाकट्याची माहूरला येण्याची ही पहिलीच वेळ. मी भाच्याकडे पाहिले. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "आधी रेणुका, आजी. पण वर चढताना बाकीच्या दोघांची गोष्ट मी सांगतो त्याला."